वस्तऱ्याची मूठ

बारा बलुतेदारांत सगळ्यात सुटसुटीत संसार न्हाव्याचा. सुताराला ओझंभर हत्यारं लागत, लोहाराला भाता आणि ऐरण, कुंभाराला चाक आणि आवा. न्हाव्याचं सगळं एका धोकटीत मावे. चामड्याची पिशवी, आत दोन-तीन कप्पे. त्यात वस्तरे, कातर, फणी, नखं काढायची नराणी, चिमटा, कानकोरणं, पितळी वाटी, तळहाताएवढा आरसा, धारेचा दगड आणि वस्तरा परजायचा चामड्याचा पट्टा. एवढ्या ऐवजावर माझ्या आज्यानं माणदेशातल्या एका गावाची चाळीस वर्षं डोई-दाढी केली.

त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ सालचं. बलुत्याचा हा सगळा व्यवहार त्यात तपशिलानं आला आहे. बलुतेदारांच्या तीन ओळी धरत, थोरली, मधली आणि धाकटी. ज्याचं काम शेतीला जास्त लागे त्याची ओळ वरची. न्हावी बहुधा मधल्या ओळीत. सुगीत खळ्यावर जायचं, पेंढ्या नाहीतर सुपानं धान्य घ्यायचं आणि वर्षभर राबायचं. काम वस्तऱ्यापुरतं नसे. लेकराचं जावळ न्हाव्यानं काढायचं, मयताच्या घरच्यांची डोई न्हाव्यानं करायची, लग्नात नवरदेवाजवळ उभं राहायचं, देवाच्या छबिन्यापुढं दिवटी धरायची, पाटलाचं अंग रगडायचं, गळू फोडायचं, सोयऱ्याच्या गावाला निरोप न्यायचा. माणसाच्या जन्मापासून सरणापर्यंत न्हावी लागे, आणि तरी ‘न्हावगंड’ ही शिवी भाषेत होतीच. एखाद्याला कुणी झोडपलं, फसवलं की त्याची ‘बिनपाण्यानं केली’ म्हणतात. हे ऐकत वाढलेल्या माझ्या वडलांनी धोकटीला हात लावला नाही. ते मुंबईला गिरणीत गेले. धोकटी आली धाकट्या चुलत्याकडं.

बहात्तरच्या दुष्काळात खळीच राहिली नाहीत, तर बलुतं कुठलं? चुलत्यानं तालुक्याला खुर्ची मांडली आणि रोख पैशाचा धंदा सुरू झाला. वस्तरा मात्र तोच राहिला. अमेरिकेतल्या किंग जिलेट याला पातळ पात्याच्या दाढीयंत्राचं पेटंट १९०४ साली मिळालं होतं. आपल्याकडंही शिकलेल्या घरांत ब्लेड आलं होतं. पण न्हाव्याचा वस्तरा त्यानं हटला नाही, कारण गावातला माणूस दाढी स्वतः करतच नसे. वस्तरा हटला तो रोगाच्या भीतीनं. १९८६ साली चेन्नईत एचआयव्हीचे भारतातले पहिले रुग्ण सापडले. पुढच्या काही वर्षांत ‘गिऱ्हाईकागणिक नवं ब्लेड’ हे गावोगावी पोचलं. ब्लेड मधोमध मोडायचं आणि अर्धं पातं पोलादी मुठीत सरकवायचं, ही रीत पडली. चुलत्यानं जुना वस्तरा तेल लावून धोकटीत ठेवून दिला. तो परत उघडला नाही.

चुलत्यामागं दुकान नातवानं घेतलं. फिरत्या खुर्च्या, मोठे आरसे, एसी. तो माझा चुलत पुतण्या, पण मला नानाच म्हणतो. मी शाळेत मराठीबरोबर कार्यानुभव शिकवायचो, हे त्याला ठाऊक. एक दिवस धोकटी घेऊन आला.

“नाना, ह्यातला वस्तरा नव्यासारखा करून द्या. काचेच्या पेटीत लावायचाय. शंभर वर्षांचा इंग्लंडचा वस्तरा म्हटल्यावर गिऱ्हाईक बघत राहील.”

वस्तरा उघडला तर बिजागरीत कुरकुरला. पात्यावर तांबूस गंज, टोकाकडं काळे खड्डे. पात्याच्या शेपटाकडची अक्षरं झिजलेली. भिंगाखाली ‘शेफील्ड’ आणि ‘इंग्लंड’ एवढं लागलं. परक्या मालावर मूळ देशाचं नाव असावं, असा कायदा अमेरिकेनं १८९० साली केला. त्यामुळं देशाचं नाव कोरलेले वस्तरे साधारणपणे त्यानंतरचे धरतात.

शेफील्ड हे इंग्लंडमधलं सुऱ्या-कात्र्यांचं शहर. तिथं १७४० नंतरच्या दशकात बेंजामिन हंट्समन यानं बंद मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली. त्याच्या कितीतरी शतकं आधी दक्षिण भारतातले लोहार मातीच्या बंद मुशीत पोलाद करत होते. त्याला इंग्रज ‘वूट्झ’ म्हणू लागले. या पोलादाचे नमुने मुंबईतल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडं पाठवले आणि १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीत त्यावर निबंध वाचला. पुढं मायकेल फॅरेडे, तोच विजेचा फॅरेडे, जेम्स स्टोडार्ट नावाच्या हत्यारं करणाऱ्याला जोडीला घेऊन या पोलादाच्या मागं लागला. त्यांच्या प्रयोगातून मिश्र पोलाद निघालं, आणि त्याचे वस्तरे करून फॅरेडेनं मित्रांना भेट दिले. म्हणजे मुंबईच्या बंदरातून पोलादाचं कुतूहल तिकडं गेलं आणि दोन-तीन पिढ्यांनी त्याच बंदरातून तयार वस्तरा इकडं आला. आमच्या लोहारांच्या भट्ट्या तोवर स्वस्त विलायती लोखंडापुढं विझत चालल्या होत्या.

हा झाला पात्याचा इतिहास. तो शेफील्डचा, लंडनचा. आमच्या गावाचा इतिहास मुठीत होता.

वस्तऱ्याची मूठ दोन फळ्यांची असते. मिटलं की पातं त्यांच्या मधे जातं. पात्याकडच्या बाजूला एक रिबीट, त्यावर पातं फिरतं. दुसऱ्या टोकाला दोन फळ्यांच्या मधे एक पाचर आणि आणखी एक रिबीट. विलायतेत या फळ्या शिंगाच्या, हाडाच्या, हस्तिदंताच्या करत. पुढं सेल्युलॉइड आलं. ते जुनं झालं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि मिटलेलं पातं आतल्या आत गंजतं. आमच्या वस्तऱ्याची एक फळी काळ्या शिंगाची, मूळची. तिला कसर लागून चाळणी झालेली आणि रिबिटाशी ती तडकलेली. दुसरी फळी बाभळीची. पात्याकडचं रिबीट पितळेचं, वायसरसकट. शेपटाकडं मात्र लोखंडी खिळा कापून ठोकलेला. पाचर शिशाची.

बाभळीची फळी गावच्या सुतारानं केली असणार, हे तिच्याकडं बघून कळत होतं. नांगर, कुळव, पाभर सगळं आमच्याकडं बाभळीचंच. खिळा लोहाराच्या ऐरणीवर बसवलेला. वस्तरा इंग्लंडचा असला तरी मोडला की तो गावच्याच हातांनी दुरुस्त व्हायचा. सुतार-लोहारांची दाढी न्हावी करी, न्हाव्याचा वस्तरा सुतार-लोहार सांधत. कुणी कुणाला पैसा देत नसे.

नातवाला दोन्ही फळ्या नव्या, चकचकीत हव्या होत्या. मी म्हटलं, शिंगाची गेली ती गेली, बाभळीची राहील. नवी करू ती हिच्या जोडीची, बाभळीचीच. तो थोडा नाराज झाला, पण धोकटी ठेवून गेला.

हे काम घाईचं नाही. आधी रिबिटांची डोकी कानशीनं घासून काढली आणि त्याहून बारीक खिळ्यानं रिबिटं मागं ठोकून बाहेर घेतली. फळ्या सुट्या झाल्या. पातं दोन दिवस रॉकेलमधे ठेवलं. मग लाकडाच्या ठोकळ्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून, तेल लावून, हातानंच घासलं. यंत्राची चकती लावली की काम झटक्यात होतं, पण पातं तापतं. धारेकडं पोलाद कागदाएवढं पातळ. ते तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं, मग धार लागली तरी टिकत नाही. वरवरचा तांबूस गंज निघाला. खोल काळे खड्डे राहू दिले. ते घालवायचे तर अक्षरंही गेली असती.

गावच्या सुताराचा नातू आता फर्निचरचं दुकान चालवतो, प्लायवुडचं. त्याच्या परसात आजोबांच्या वेळची मोडकी पाभर पडून होती. तिचा एक तुकडा त्यानं दिला. पन्नास वर्षं वाळलेली बाभूळ करवतीला दाद देत नव्हती. तीन मिलीमीटर जाडीची फळी काढली, जुनी वर ठेवून आकार रेखला, कानशीनं उतरवला. मधे किंचित फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती. भोकं दोन्ही फळ्या एकावर एक बांधून एकदमच पाडावी लागतात, नाहीतर रिबीट तिरकं बसतं. मग जवसाचं तेल, दिवसाआड एक हात, असे सहा हात.

खरी परीक्षा पाचरीत. जाड झाली तर फळ्या फाकतात आणि पातं सैल लोळतं. पातळ झाली तर फळ्या पात्याला आवळतात. एका अंगानं जाड झाली तर मिटताना धार एका फळीवर घासते. मी शिशाची जुनी पाचरच घासून, लावून, काढून, पुन्हा घासून बसवली. शेवटी पितळी तारेची नवी रिबिटं. तार वायसरच्या वर एक मिलीमीटर ठेवायची आणि लहान गोल तोंडाच्या हातोडीनं टिचक्या मारत राहायचं. जोराचा एक घाव बसला तर फळी चिरते. शंभर हलक्या टिचक्यांनी तारेचं टोक छत्रीसारखं पसरतं आणि पातं हवं तेवढ्या जोरानं उघडतं, मिटतं.

हे चाललं असताना चुलती येऊन बसली. वय पंचाऐंशी. वस्तरा बघितला आणि तोंड फिरवलं.

“काचंत कशाला मांडतोयस त्याला? त्येनं रडवलंय बी लई.”

मग तिनं सासूकडून ऐकलेलं सांगितलं. गावात कुलकर्ण्यांचा वाडा होता. त्या वाड्यात बाई विधवा झाली की आज्याला बोलावणं यायचं. मागल्या दारानं जायचं, न बोलता काम करायचं, मागल्या दारानं यायचं. पुन्हा केस वाढले की पुन्हा बोलावणं. “त्या दिशी मामंजी जेवायचे न्हाईत म्हन. धोकटी भाईरच अडकवायचे,” चुलती म्हणाली.

१८९० साली मुंबईत नाभिकांनी सभा भरवून विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं. ‘दीनबंधू’चे संपादक, सत्यशोधक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. इतिहासाच्या पुस्तकात ही गोष्ट दोन ओळींत येते. पण ज्यांचं पोट खळ्यावर अवलंबून, अशा माणसांनी वरच्या वाड्यांचं काम नाकारणं ही सोपी गोष्ट नव्हती. मुंबईत रोख पैसा होता आणि जमाव होता. माणदेशातल्या एकट्या न्हाव्याला दोन्ही नव्हतं. त्याला नाही म्हणता आलं नाही, उपाशी राहता आलं.

वस्तरा तयार झाला. राहिला पट्टा. हातभर लांब, चार बोटं रुंद, वापरून आरशासारखा गुळगुळीत. धारेच्या दगडावर पात्याची पाठ आणि धार दोन्ही टेकवून वस्तरा घासतात, धार पुढं ठेवून. पट्ट्यावर उलटं, पाठ पुढं आणि धार मागं. चाळीस-पन्नास वेळा ओढला की गालावर लागतोय हे कळतही नाही अशी धार चढते. पट्ट्याशिवाय वस्तरा म्हणजे नुसती सुरी. या पट्ट्याला तेल देत ओट्यावर बसलो होतो, तेव्हा अप्पा आले. शाळेत मला दोन वर्गांनी पुढं, मग पोस्टात नोकरी. गावात ज्याला तेव्हा महारवाडा म्हणत आणि आता भीमनगर म्हणतात, तिथले. पट्टा हातात घेतला, वास घेतला.

“मास्तर, हे म्हशीचं हाय. आमच्या आज्यानं वढलेली आसंल.”

मी काही बोललो नाही. त्यात शंका घेण्यासारखं नव्हतंच. गावात ढोर मेलं की ते ओढून न्यायचं काम महारांकडं. कातडं सोलून ते ढोराकडं जाई, तो चुन्यात आणि बाभळीच्या सालीत ते कमावी. चांभार त्याची मोट, वहाणा, पट्टे, धोकट्या शिवी. म्हणजे धोकटी आणि पट्टा हे सगळं त्यांच्या हातांतून न्हाव्याच्या खांद्यावर आलेलं. पण त्या पट्ट्यावर परजलेला वस्तरा महारवाड्याच्या एकाही डोक्याला लागत नव्हता. मांगवाड्याच्याही नाही. त्यांचं शिवलेलं चामडं चाले, त्यांचं डोकं चालत नसे.

“तुमचं कोण करायचं मग?” मी विचारलं. हे इतक्या वर्षांत मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

“आमच्यातलाच एक म्हातारा. मेंढरं कातरायची कातर व्हती त्याच्याकडं. पायऱ्या पडायच्या डोक्यात.” अप्पा हसले. “साळंत पोरं मोजायची, किती पायऱ्या पडल्या त्या.”

मीही मोजणाऱ्यांतला होतो की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही.

कायदा १९५५ साली झाला. घटनेनं अस्पृश्यता आधीच रद्द केली होती. या कायद्यानं अस्पृश्य म्हणून एखाद्याला सेवा नाकारणं हा गुन्हा ठरवला. पुढच्याच वर्षी धर्मांतर झालं आणि आमच्या गावच्या महारवाड्यानं मेलेली ढोरं ओढायचं काम टाकलं. आज्याचा वस्तरा मात्र बदलला नाही. तो वाईट माणूस नव्हता, हे मी नातू म्हणून सांगतो. पण गावानं जिथं रेघ मारली, तिथं त्याचाही वस्तरा थांबत होता. विधवेच्या डोक्याला लावताना त्याला अन्न गोड लागलं नाही. महारवाड्याच्या डोक्याला न लावताना तो जेवत होता. दोन्ही गोष्टी त्याच माणसाच्या आणि त्याच वस्तऱ्याच्या.

अप्पांना पहिल्यांदा खुर्चीत बसवलं ते चुलत्यानं, तालुक्याच्या दुकानात. गावापासून दहा मैलांवर, जिथं गिऱ्हाईक कुठल्या वाड्याचं हे विचारायला गावचं कुणी नव्हतं. अप्पांना ते साल आठवतं, कारण पोस्टातली नोकरी नुकतीच लागली होती आणि नोकरीवर हजर व्हायच्या आदल्या दिवशी त्यांनी दाढी केली होती. वस्तरा हाच.

आठवड्यानं नातू आला. पेटीत लावायला त्यानं पाटी छापून आणली होती, ‘शंभर वर्षांपूर्वीचा अस्सल शेफील्ड वस्तरा, मेड इन इंग्लंड’. मी म्हटलं, एवढ्यानं भागत नाही. पातं इंग्लंडचं आहे, वस्तरा आपल्या गावचा आहे. मग आम्ही दोघांनी बसून नवा मजकूर लिहिला. पातं शेफील्डचं. मुठीची एक फळी गावच्या सुतारानं केलेली, दुसरी त्याच्याच पाभरीच्या लाकडाची. पट्ट्याचं चामडं महारवाड्यानं ओढलेल्या म्हशीचं. या वस्तऱ्यानं गावातल्या विधवांचे केस काढले. या वस्तऱ्यानं अस्पृश्य मानलेल्यांची डोई केली नाही.

नातू शेवटच्या ओळीवर अडला. “नाना, गिऱ्हाईक काय म्हणंल? दुकानात हे कशाला?”

चुलती आतून ऐकत होती. “ल्ही की,” ती म्हणाली. “खरं हाय ते ल्हिताना हात का आखडतोयस? न्हाईतर लावूच नगंस.”

पाटी लावायच्या आधी मी ती अप्पांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचली. मला वाटलं होतं, शेवटच्या ओळीबद्दल काही बोलतील. त्यांनी बोट ठेवलं पट्ट्याच्या ओळीवर.

“हितं चुकलंय. आम्ही वढलं नुसतं. कमावलं ढोराच्या म्हाताऱ्यानं, शिवलं चांभारानं. त्यांचं बी घाला. त्यांची बी डोई न्हवतीच करत.”

ती ओळ वाढवली. पाटी आता सहा ओळींची झाली आहे आणि पेटी खुर्चीसमोरच्या भिंतीवर आहे. दाढीला बसलेल्या माणसाला मान वर केली की ती दिसते.